उतारशाळेचा मालक

श्रोतेहो, नमस्कार. नाताळ जवळ आला की आपल्या घरगुती अभ्यासगटांत बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडतो, म्हणजे येशूच्या जन्माची गोष्ट: योसेफ आणि मरिया बेथलेहेमात आले, उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागी, त्यांना जागा नव्हती, म्हणून मरियेनं बाळाला गव्हाणीत निजवलं. गट आठ-दहा जणांचाच असावा. पंधरा झाले की निम्मे दाराआड गप्प बसतात.

नगरकडच्या एका खेड्यात आमचा असाच गट बसला होता. मी प्रश्न टाकला, ‘उतारशाळेच्या मालकानं योसेफ-मरियेला जागा का दिली नसेल?’ सगळे मालकावर तुटून पडले. लोभी काय, निर्दयी काय! एक आजी मात्र करंजी मोडत गप्प. (करंजीच बरं का. नाताळला केक हवाच, हे खूळ मला कधी पटलं नाही. तळणाचा वास सुटला नाही, तर कसला नाताळ?) शेवटी आजी म्हणाल्या, ‘मालक कुठाय रं त्यात? परत वाच.’

वाचलं. पुन्हा वाचलं. श्रोतेहो, लूकमध्ये मालक नाहीच! कुणी दार लावलं नाही, कुणी हाकललं नाही.

आजी सांगू लागल्या, ‘माझा थोरला झाला तवा घरात नणंदेचं लगीन. माळवदाचं घर पाव्हण्यांनी गच्च. बाळंतिणीला जागा कुठली? सासूनं गोठ्याच्या अंगाला लुगड्याचा आडोसा केला. बैलांची ऊब, पुरुषांची ये-जा न्हाई. पोराला गव्हाणीत निजवलं, कडब्यावर घोंगडी टाकून. मला काय हाकललं व्हतं व्हय? घरातच व्हते की!’

माझी टिपणं तशीच मांडीवर राहिली.

आता थोडं शब्दाविषयी. ‘उतारशाळा’ म्हणून आपण वाचतो तिथं मूळ ग्रीकमध्ये ‘कतालुमा’ आहे. हाच शब्द लूक बाविसाव्या अध्यायात वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या सणाच्या, भोजनाच्या खोलीसाठी वापरतो. पैसे घेऊन उतरवून घेणारी जागा दहाव्या अध्यायात, वाटेवरच्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत येते; तिथं शब्द वेगळा आहे. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात, बेथलेहेमात भरली होती ती पाहुण्यांची खोली. तिकडच्या खेड्यांतही जनावरं रात्री घराच्याच छपराखाली बांधत. पुन्हा सांगतो: खोली भरली होती, घर बंद नव्हतं.

आणि गव्हाणी? दुसऱ्या अध्यायात ती तीनदा येते: सातव्या, बाराव्या आणि सोळाव्या वचनात. देवदूतानं मेंढपाळांना बाळ ओळखायची खूणच ती दिली. राजवाड्याच्या दारात त्यांना कोण उभं करणार? गव्हाणीपाशी जायला मात्र त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. तारणारा कुणासाठी जन्मला, हे गटात बोलायचं असेल तर मी इथूनच सुरुवात करतो. थर्माकोलच्या बर्फापासून नव्हे. बेथलेहेमच्या देखाव्यात एवढा बर्फ कुणी आणला, देव जाणे.

हां, एक राहिलंच. आजींचा नातू त्या वर्षी नाटकात उतारशाळेचा मालक होणार होता. संवाद पाठ, मिशाही तयार. तो रडवेला होऊन म्हणाला, ‘मग आता मी काय करू?’

आजी म्हणाल्या, ‘बाळंतिणीला पाणी कोण तापवणार? तू तापव.’

मिशा तेवढ्या त्यानं ठेवल्या.