‘डकैती मुजाहमत पर शहरी कत्ल’ : कराचीच्या बातम्यांतला एक शब्द

नमस्कार. कराचीच्या उर्दू बातम्या आठवडाभर जरी ऐकल्या, तरी एक मथळा कानावर पडल्यावाचून राहत नाही : ‘डकैती मुजाहमत पर शहरी कत्ल’. मुजाहमत म्हणजे प्रतिकार. लुटारूंना विरोध केला म्हणून नागरिकाचा जीव गेला, असा त्याचा अर्थ. 2023 या एका वर्षात तिथे अशा प्रसंगांत शंभराहून अधिक माणसे मारली गेली. मला हा शब्द फार खटकतो, कारण घाबरून खिशाकडे गेलेला हातही त्यात प्रतिकार ठरतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो ‘त्याने मोबाइल देऊन का टाकला नाही?’ हा, मारेकऱ्याकडे पिस्तूल आले कुठून, हे विचारायचे राहूनच जाते.

प्रकार बहुधा ठरलेला असतो. मोटारसायकलवर दोघे, मागच्याच्या हातात पिस्तूल, आणि समोर सिग्नलला थांबलेली गाडी किंवा बँकेतून पैसे काढून निघालेला माणूस. म्हणूनच कलम 144 लावून ‘डबल सवारी’वर, म्हणजे दुचाकीवर दोघांनी बसण्यावर, बंदी घालण्याचा उपाय तिथल्या सरकारने वारंवार योजला आहे. त्याचा भुर्दंड पडतो तो भावाला मागे बसवून कामावर जाणाऱ्या गरीब माणसाला.

आता लुटला गेलेला माणूस ठाण्यात गेला, की काय होते ते पाहू. पाकिस्तानात 1898 ची फौजदारी प्रक्रिया संहिता आजही चालू आहे; आपण ती 1973 मध्येच बदलली. तिच्या कलम 154 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा रोजनामच्यात, म्हणजे आपल्याकडच्या स्टेशन डायरीत, एक नोंद होते आणि तक्रारदाराच्या हाती तिची प्रत पडते. नवे सिम कार्ड मिळवायला तेवढा कागद पुरतो. तपास मात्र सुरू होत नाही. हद्दीतल्या गुन्ह्यांचा आकडा वाढला, तर ठाणेदाराला जाब द्यावा लागतो, आणि कोर्टाच्या तारखा नकोत म्हणून तक्रारदारही फारसा आग्रह धरत नाही. कलम 22-अ खाली सत्र न्यायालयात जाऊन एफआयआरचा आदेश मिळवता येतो, पण एका मोबाइलसाठी वकील कोण लावणार?

ही पोकळी काही प्रमाणात भरून काढते ती 1989 मध्ये सुरू झालेली ‘सिटिझन्स-पोलीस लायझन कमिटी’, म्हणजे नागरिक आणि पोलीस यांच्यातला दुवा असलेली समिती. हिसकावलेल्या फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बंद करण्यासाठी लोक तिच्याकडे तक्रार करतात, आणि वर्तमानपत्रांत येणारे गुन्ह्यांचे आकडेही बहुतेक तिचेच असतात.

पोलीस वेळेवर पोहोचले, तरी धोका टळतोच असे नाही. ऑगस्ट 2018 मध्ये एका सिग्नलवर आईवडिलांबरोबर गाडीत बसलेली दहा वर्षांची मुलगी लुटारू आणि पोलीस यांच्या गोळीबारात सापडली. तिला लागलेली गोळी पोलिसांच्या बंदुकीतली होती. रुग्णालयातही तिला वेळेत उपचार मिळाले नाहीत. जखमींवर तातडीने उपचार करणे रुग्णालयांना सक्तीचे करणारा सिंध प्रांताचा 2019 चा कायदा तिच्याच नावाने ओळखला जातो.

या साऱ्यातून शहराच्या अंगी काही सवयी मुरल्या आहेत. सिग्नल आला, की गाडीची काच वर जाते. मागून मोटारसायकलचा आवाज जवळ आला, की चालणारा माणूस दुकानाच्या उजेडात सरकतो. आणि घरातून निघताना कित्येक जण दोन फोन घेतात : कामाचा आत दडवलेला आणि वरच्या खिशात एक जुना, बटणांचा, मागितला तर लगेच काढून देता यावा म्हणून.