माग कधी थांबतो?

(आमच्या लेखक मंडळात यंदा आलेल्या नव्या सभासदांपुढे सोलापुरात केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

माइक बंद केला तरी चालेल. मी सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात वाढले. आमच्याकडे 'मीठ दे' म्हणायचं तरी ओरडून म्हणावं लागायचं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जाईल.

मंडळात काय काय चालतं आणि नव्या माणसाला त्यातून काय मिळतं, हे सांगायला मला उभं केलंय. तुमच्या हातातल्या पत्रकात ते सगळं आहे. काव्यवाचन आहे, कथाकथन आहे, मुलांसाठी सुट्टीतलं शिबिर आहे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम असतो, त्याचे फोटो पेपरात येतात. शाल मिळते, नारळ मिळतो. नारळाची चटणी तरी होते, सोलापूरच्या उन्हात शालींचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. पत्रकाच्या तळाशी, चहाच्या वर्गणीच्या जरा वर, बारीक अक्षरात एक ओळ आहे: 'मासिक वाचन व चर्चा'. मी २८ वर्षं येतेय ती त्या एका ओळीसाठी.

त्या दिवशी काय होतं ते सांगते. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या लेखनाच्या सात-आठ झेरॉक्स आणायच्या. पंधरा मिनिटं वाचायचं. वाचून झालं की गप्प बसायचं. हे गप्प बसणं लोकांना फार जड जातं. 'मला खरं म्हणजे असं म्हणायचं होतं' हे वाक्य ओठांवर आलेलं दिसतं, पण ते गिळायचं. अंक विकत घेऊन वाचणाऱ्याच्या घरी जाऊन तुम्ही असं सांगत बसणार आहात का? मग बाकीच्यांनी बोलायचं. कुठे डोळ्यांपुढे काही उभं राहिलं, कुठे मन भरकटलं, कुठलं वाक्य दोनदा वाचावं लागलं. 'छान आहे' म्हणायला बंदी आहे. जो 'छान' म्हणेल त्याच्याकडून चहा. एके वर्षी एक निवृत्त गृहस्थ सलग चार महिने आम्हा सगळ्यांना चहा पाजत होते. स्वभाव, दुसरं काय.

आता एक प्रसंग. इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा मागावरची कविता घेऊन आला. माग म्हटल्यावर जे येतं ते सगळं होतं. खटखट, ताल, आयुष्याचं वस्त्र, सुखदुःखाचे धागे. वृत्त सांभाळलेलं, यमकं चोख. आमच्यात तेव्हा एक जुने कामगार यायचे, सगळी हयात यंत्रमागावर गेलेली. ते लिहायचे फारसे नाहीत, ऐकायला यायचे. ऐकायलाही कमीच यायचं, मागावरच्या माणसाचे कान जातात तसे गेलेले. म्हणून पुढ्यात बसायचे. त्यांनी त्या मुलाला विचारलं, "का बे, तुझा माग थांबतच नाही की. कांडी कधी बदलतोस?"

मुलाला कांडी ठाऊक नव्हती. तुमच्यातल्याही निम्म्यांना नसेल. धोट्याच्या पोटात बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, सूत गुंडाळलेली कांडी असते. धोटा इकडून तिकडे पळतो तसं सूत सुटत जातं आणि काही मिनिटांत कांडी रिकामी होते. साध्या मागावर मग माग थांबवायचा, धोटा काढायचा, भरलेली कांडी घालायची, धागा ओवायचा, माग चालू करायचा. मध्येच ताण्यातला, म्हणजे उभा, धागा तुटला तर तो शोधून सांधायचा. पाळी संपेपर्यंत हेच. कवितेतला माग अखंड चालतो, कारखान्यातला माग सारखा थांबतो, आणि त्या थांबण्यात माणसाची खरी मेहनत असते. आमचे नायना, म्हणजे वडील, धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा बाहेर ओढायचे. लाल चादर मागावर असली की रात्री चूळ भरताना पाणी लाल यायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अम्मा घाबरलं होतं.

आत्ता मी काय म्हणाले ते कुणी पकडलं का? 'अम्मा घाबरलं.' त्याच्याकडे येते, आधी मुलाचं सांगून टाकते. तो त्या कामगारांबरोबर चार-पाच वेळा अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात जाऊन उभा राहिला. दोन महिन्यांनी त्याने आणली ती कविता अकरा ओळींची होती. ताल गेला होता, आयुष्याचं वस्त्रही गेलं होतं. बारा मागांतला एकच माग थांबतो तेव्हा त्याच्यासमोरच्या माणसाला काय ऐकू येतं, एवढंच त्यात उरलं होतं. वाचून झाल्यावर आम्ही सगळे त्या कामगारांकडे बघत होतो. ते काही बोलले नाहीत. झेरॉक्सची घडी घालून त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली.

वृत्ताची चूक दाखवणारा तुम्हाला घरबसल्या फोनवरही मिळेल. कांडी कधी बदलतोस असं विचारणारा माणूस आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो, हे या गावातच होऊ शकतं आणि ते आपण वापरत नाही. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या एक बाई येतात. दिवसाला हजार विड्या वळायच्या म्हणजे बोटांचं काय होतं, हे त्यांनी एका कथेतल्या फक्त एका शब्दावर बोट ठेवून सांगितलं. लेखकाने नायिकेची बोटं 'नाजूक' लिहिली होती.

आता 'घाबरलं'चं. आमच्या घरात तेलुगू, गल्लीच्या तोंडाशी कन्नड, पलीकडच्या मोहल्ल्यात उर्दू, आणि शाळेत मराठी. तेलुगूत बाईला आणि वस्तूला एकवचनात क्रियापद एकच. 'अम्मा वच्चिंदी', 'बस्सु वच्चिंदी'. त्यामुळे आमच्या मराठीत आई 'येतं', 'बसतं', 'रागावतं'. मी पुढे एका दैनिकात मुद्रितशोधक झाले, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. अठराच्या अठरा शुद्धलेखनाचे नियम मला झोपेत विचारा. आणि अशा बाईने मंडळात पहिली कथा वाचली, तेव्हा तिच्यातली अम्मा सोळा वेळा 'आलं-गेलं' होती. कुणीतरी हसलं. मला त्या खुर्चीतून उठून थेट आमच्या पूर्व भागातला कन्ना चौक गाठावासा वाटला. तेव्हा एक शिक्षिका होत्या, त्यांनी शांतपणे मोजून सोळा आकडा सांगितला. म्हणाल्या, "अकरा निवेदनात आहेत, त्या दुरुस्त कर. पाच संवादात आहेत, त्यांना हात लावू नकोस." बस, एवढंच. कथा लिहिणं म्हणजे काय ते मला त्या दोन वाक्यांत मिळालं, नंतरच्या कुठल्या कार्यशाळेत तेवढं मिळालं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं टोचून बोलायचं कशाला? अहो, या गावाची ती जुनी रीत आहे. आपण सिद्धेश्वराला जातो, गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांच्या मागे चालतो, अक्षता टाकतो. पण आपलं ग्रामदैवत लेखक होतं हे किती जण लक्षात ठेवतात? सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले सिद्धराम. त्यांनी कन्नडमध्ये वचनं, म्हणजे छोट्या मुक्त कविता, लिहिल्या. 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही त्यांची नाममुद्रा, आपल्याकडे अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं तशी. सिद्धेश्वराच्या देवळाभोवतीचं हे तळं त्यांनी लोकांना घेऊन खणलं. कथा अशी सांगतात की काम जोरात चालू असताना अल्लमप्रभू हे दुसरे वचनकार संत आले आणि त्यांनी सिद्धरामांना 'खणणारा' म्हणून हिणवलं. कामावरची माणसं चिडली, दगड घेऊन धावली. पुढे सिद्धराम अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला, गेले, बसवण्णांच्या अनुभवमंटपात जाऊन बसले. तिथे सगळ्या थरांतली माणसं आपापली वचनं म्हणायची आणि त्यावर चर्चा व्हायची. मला ही कथा लेखक मंडळाची वाटते. आधी दगड उचलायचा, मग जाऊन बसायचं. आमच्याकडे येणारे बहुतेक जण पहिल्या टप्प्यावरच घरी जातात.

संधींबद्दल भराभर सांगते, कारण तुमचे कान तिकडेच लागलेत. दिवाळी अंक. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीला संपतं. पण अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. म्हणजे आपल्याकडे दिवाळीची कथा मे महिन्यात, ४४ अंशांत, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन लिहावी लागते. पाठवताना युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली कथा संपादकाच्या कॉम्प्युटरवर कचरा होऊन उघडते आणि तो फोन करून विचारत नाही, पुढची कथा उघडतो. मंडळात दोघं जण हे बदलून द्यायला बसतात. आपल्या गावात आकाशवाणीचं केंद्र आहे, तिथे कसं लिहून न्यायचं तेही इथे शिकता येतं. कानासाठी लिहिताना जोडवाक्यं तोडावी लागतात.

पहिलं पुस्तक काढायचं असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला त्यात अनुदान मिळतं. जाहिरात येते, अर्ज आणि हस्तलिखित पाठवायचं, तज्ज्ञ वाचतात. अर्ज भरताना आमच्यातलं कुणीतरी तुमच्या शेजारी बसेल.

इथे जरा थांबते, कारण इथे मी पोळलेय. माझा पहिला कथासंग्रह मी पैसे देऊन काढला. कोण, कुठले, ते सोडा. त्यांनी मला आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-नंबरचे, वेगळे पैसे लावले. तो नंबर भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो, हे मला तीन वर्षांनी कळलं. ५०० प्रती छापल्या म्हणाले आणि ५०० च्या ५०० टेम्पोतून माझ्या दारात उतरवल्या. वितरण आम्ही करू, हे फक्त बोलण्यात होतं, कागदावर नव्हतं. त्या प्रती पलंगाखाली गेल्या. उन्हाळ्यात आमच्याकडे मुक्कामाला येणाऱ्या नणंदेला पाय पसरायला जागा उरली नाही, ते गाऱ्हाणं अजून ऐकतेय. म्हणून मंडळात करार वाचून द्यायचं काम मी अंगावर घेतलंय. कुठल्या हक्कावर सही करताय, किती वर्षांसाठी, भाषांतराचा हक्क कुणाकडे, ते बघायचं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. तुमच्या नातवंडांची गोष्ट आहे, चहा पिता पिता सही करू नका.

आणखी एक. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात. तुमचा कवितासंग्रह शंभर पानांचा झाला तर सहा फॉर्म म्हणजे ९६ पानं, आणि वरच्या चार पानांसाठी नवा फॉर्म. तेव्हा कवी विचारतो, काय करू? आम्ही म्हणतो, चार पानं काढ. आजवर असा एकही संग्रह माझ्या हातून गेला नाही ज्यातून चार पानं निघू शकत नव्हती. बहुतेकांतून एक अख्खा फॉर्म निघतो.

पुरस्कारांसाठी प्रवेश फी मागतात तिथे दोनदा विचार करा. माझं मत विचाराल तर एकदाच करा आणि पैसे वाचवा.

भाषांतराचं टेबल नवीन आहे, दोनच वर्षं झाली. एक कन्नड शिक्षक, उर्दू वाचणारी एक कॉलेजची मुलगी, आणि तेलुगूसाठी मी. एकाने मूळ वाचायचं, शब्दशः सांगायचं, दुसऱ्याने मराठीत लिहायचं. फार सावकाश चालतं. गेल्या सहा महिन्यांत आठ वचनं आणि लग्नात बायका म्हणतात ती तीन तेलुगू गाणी झाली. पण मला हेच सगळ्यात जास्त आवडतं. या शहरात १९४१ साली खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, २००६ साली इथे पुन्हा झालं तेव्हा याच गावात जन्मलेले मारुती चितमपल्ली अध्यक्ष होते, १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही इथेच भरलं. मोठ्या मांडवांची आपल्याला सवय आहे. चार भाषा एका टेबलावर बसवायची सवय मात्र अजून लागायचीय. रिक्षात बसलो की आपण ते सहज करतो, लिहायला बसलो की पुस्तकी होतो.

झालं. बैठक दुसऱ्या रविवारी, सायंकाळी पाचला. त्या दिवशी तुमच्या भागात पाणी येणार असेल तर आधी पाणी भरा, मग या. चार दिवसांनी येणारं पाणी सोडून कथा ऐकायला या असं मी कुणालाच म्हणणार नाही. पुढच्या महिन्यातल्या दोन पाळ्या रिकाम्या आहेत. नाव लिहायची वही दाराजवळच्या टेबलावर आहे. पेन दोरीने बांधलंय. लेखक मंडळात सुटं पेन टिकत नाही.