कॉम्प्रेशन धरलं पाहिजे

(पडदा काळा. फक्त आवाज. हँडल फिरतंय, एक दणका, मग टुक-टुक-टुक.)

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही मळ्यात, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हा आवाज ऐकवा. तो आधी विहीर किती परस खोल होती ते सांगेल, मग इंजिनाचं.

(खोपट. पोतं बाजूला होतं.)

हे त्यातलंच एक. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. विजेची मोटर बसली तेव्हापासून पोत्याखाली आहे. आबांचा डावा हात बघा. हेडवरची ती छोटी लिव्हर त्यांनी उचलून धरली आहे. उजव्या हाताने हँडल. फ्लायव्हीलने, त्या जड चाकाने, वेग घेतला... आणि लिव्हर सोडली.

(धुराचा पहिला भपका.)

हे चित्रण आमचं नाही, आबांच्या नातीचं आहे. नववीतली. मोबाईल जरा हललाय, पण असा भपका आमच्या कॅमेऱ्याला एकदाही मिळाला नाही.

तिचा प्रश्न इथूनच निघाला. वडिलांच्या मोटरसायकलला स्पार्क प्लग आहे. याला तो कुठेच दिसत नाही. मग पेटवतं कोण?

शाळेत भौतिकशास्त्राचा प्रकल्प द्यायचा होता. वर्गात इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारे पाच जेसीबी आले, त्यातले तीन एकाच दुकानातले. आमचा जेसीबीवर राग नाही. पण शाळेच्या प्रयोगशाळेतलं कपाट आम्ही तिथे होतो तेवढे दिवस उघडलेलं दिसलं नाही, आणि या मुलीला जे हवं होतं ते त्या कपाटात नव्हतंच.

(सायकलचा पंप. बोट तोंडावर दाबलेलं.)

पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा जोरात मारा. नळीचं बूड गरम लागतं. घर्षण थोडं आहेच, पण मुख्य उष्णता हवेची. दाबली की तापते. आबांच्या इंजिनात हीच हवा मूळच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यात कोंबली जाते आणि इतकी तापते, की नोझलमधून डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेट घेतो. ठिणगी लागतच नाही. आबा लिव्हर उचलतात तेव्हा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा निसटते, म्हणून हँडल हलकं फिरतं. लिव्हर सोडली की हवा आत कोंडते.

तिला हे आत घडताना डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणजे सिलिंडर पारदर्शक हवा.

(उद्यमनगर, कोल्हापूर. लेथचा आवाज.)

एकेकाळी या गल्ल्यांमध्ये विहिरींवरची ऑइल इंजिनं तयार व्हायची. आज बहुतेक सुटे भाग होतात. लेथवरच्या काकांकडे ती ॲक्रिलिकची नळी घेऊन आली, आतून 20 मिलिमीटर. म्हणाली, यात बसेल असा पिस्टन करून द्या. काकांनी नळी उजेडाकडे धरली. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐका.

(काका : "पोरी, ह्याच्यावर तू उभी राहिलीस तरी हे दाबायचं न्हाई.")

तिने ऐकलं नाही. पिस्टन झाला, दाबला, बुडाच्या जरा वर अडला. तिघांनी मिळून दाबला. तसाच.

(वहीचं पान. पेन्सिलने खोडलेले आकडे.)

हे पान आम्ही मुद्दाम जास्त वेळ दाखवतो आहोत. हवा झटक्यात विसाव्या हिश्श्यात दाबली, तर दाब वातावरणाच्या साधारण 66 पट होतो. 20 मिलिमीटरच्या नळीत म्हणजे शेवटच्या टोकाला 200 किलोंहून जास्त भार. नळी 10 मिलिमीटरची घेतली तर क्षेत्रफळ चौथाई, भारही चौथाई, सुमारे 50 किलो. नववीतली मुलगी तळहातावर अंगाचं वजन टाकून तेवढं दाबू शकते. काकांनी हे गणित केलं नव्हतं. त्यांना ते हाताने माहीत होतं.

(ॲल्युमिनियमची वेटोळी. व्हर्निअर. सळईवर कोरलेली खाच.)

नवी सळई. ओ-रिंगसाठी, म्हणजे रबराच्या कड्यासाठी, खाच. काका तीन वेळा मापतात, चौथ्यांदा किंचित घासतात. सैल झालं तर हवा सुटते, घट्ट झालं तर पिस्टन झटक्यात जात नाही, आणि झटक्यात गेला नाही तर काहीच होत नाही. हळू दाबलं की हवेची उष्णता नळीच्या भिंतीतून निघून जाते. आम्ही मुद्दाम तिला हळू दाबायला लावलं. बघा. नळीच्या बुडाशी पेटण्यासाठी ठेवलेला कापूस जसाच्या तसा.

(जुनं छायाचित्र. मिशीवाला माणूस.)

रुडॉल्फ डिझेल. जन्म 1858, पॅरिसचा. म्युनिकला कार्ल फॉन लिंडे यांचा विद्यार्थी. लिंडेंनी वर्गात आग्नेय आशियातली एक नळी दाखवली होती असं सांगतात. दांडा ठोकला की बुडाशी ठेवलेलं जळण पेटतं. मलाया, बोर्निओकडचे लोक ती विस्तव करायला वापरत. डिझेलनी 1892 मध्ये पेटंटचा अर्ज केला. पुढच्या वर्षी ऑग्सबुर्गला पहिल्याच चाचणीत स्फोट झाला आणि दाबमापक फुटून उडाला. 1897 साली इंजिन नीट चाललं, साधारण 20 अश्वशक्तीचं. जळणातली सव्वीस टक्के ऊर्जा कामी आली. तेव्हाच्या बहुतेक वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मंही जमत नसे.

(पुन्हा खोपट.)

दुसरी नळीही पेटत नव्हती. पिस्टन बुडापर्यंत जाई, पण हात काढला की पुरता वर उसळत नसे. आबांनी दोनदा दाबून पाहिलं आणि निदान केलं.

(आबा : "कॉम्प्रेशन धरंना. रिंगा गेल्या की आम्ही वरनं दोन थेंब ऑइल सोडायचो.")

जुन्या इंजिनांच्या झिजलेल्या रिंगांना लोक हेच करत. तेल फट बुजवतं, हवा धरून राहते. तिने ऑइल सोडलं. कापूस भिजला. मग व्हॅसलीन, तेही ओ-रिंगला बोटाने पुसटसं.

पहिल्यांदा पेटलं ते रात्री, घरी. तिथे आम्ही नव्हतो. हा दुसऱ्या दिवशीचा.

(गोठ्यातला अंधार. चष्मा चढवलेला. तळहात. संथ गतीत, सेकंदाला 240 फ्रेम.)

(निवेदन नाही.)

हिशेबाने हवा सातशे अंशांच्या वर गेली पाहिजे. हवा थोडी सुटते, नळीही थोडी उष्णता खाते, म्हणजे प्रत्यक्षात कमीच. कापसाला तेवढं पुरलं. सगळा उजेड तीन फ्रेममध्ये येऊन गेला.

तालुक्याच्या प्रदर्शनात नंबर आला नाही. मांडवात आग नको म्हणून पेटवून दाखवायला परवानगी मिळाली नाही, तक्ता तेवढा लावला.

(आबा नळी हातात घेतात. उलटसुलट करून बघतात. दांड्यावर तळहात ठेवतात.)

आबांना पहिल्या दोन वेळेस जमलं नाही. नात म्हणाली, हळू नाही, हँडल मारता तसं.

(ठप्प. उजेड. आबांचा चेहरा.)

नळी सध्या खोपटातच असते, इंजिनाशेजारच्या खिळ्याला. ओ-रिंग झिजली आहे. शनिवारी ती काकांकडे जाणार आहे.

(टुक-टुक-टुक. पोतं पुन्हा चढतं.)