पोलादाचा कारखाना चांद्याला का झाला नाही?

मित्रहो, अवजड उद्योग कोळशाच्या आणि कच्च्या मालाच्या जवळ का उभे राहतात, याचे शाळेत शिकलेले उत्तर आपणा सर्वांना पाठ आहे: कच्चा माल जड असतो, त्यामुळे वाहतूक परवडत नाही. हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. आणि ते कोठे अपुरे पडते हे आपल्या चंद्रपूरच्या, म्हणजे तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या उदाहरणावरून फार स्पष्ट दिसते.

नागपूरला १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती १८८२ साली रिटर फोन श्वार्त्झ या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल पडला. लोहाऱ्याच्या टेकडीत उत्तम प्रतीचे लोहखनिज होते, वरोऱ्याला कोळशाची खाण चालू होती आणि वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेही आली होती. आपल्या पाठ्यपुस्तकी नियमाप्रमाणे पोलादाचा कारखाना येथेच व्हायला हवा होता. तो झाला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला.

याचे कारण समजण्यासाठी आधी वजनाचा हिशेब पाहू. आल्फ्रेड वेबर या जर्मन अभ्यासकाने १९०९ साली तो नेमकेपणाने मांडला. माल नुसता जड आहे की हलका, यापेक्षा पक्का माल होईपर्यंत त्याचे किती वजन वाया जाते, हे निर्णायक असते. रुईचे सूत होताना थोडीशीच तूट येते; म्हणून कापडगिरणी कापसाच्या शेतापासून दूर मुंबईतही चालू शकली. पोलादाचे तसे नाही. आजच्या झोतभट्टीच्या (ब्लास्ट फर्नेसच्या) पद्धतीने एक टन पोलाद करायला साधारण दीड टन लोहखनिज, पाऊण टनाच्या आसपास कोकिंग (म्हणजे ज्याचा कोक बनतो असा) कोळसा आणि शिवाय चुनखडी लागते. खनिजातील दगडमाती धातुमळी (स्लॅग) होऊन बाहेर पडते आणि कोळशाचा तर जवळजवळ सगळाच धूर आणि राख होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एका टन लोखंडासाठी कित्येक टन कोळसा जळत असे, त्यामुळे त्या काळचे कारखाने कोळशाच्या खाणींनाच चिकटून राहिले. स्कॉटलंडच्या नील्सन यांनी १८२८ साली भट्टीत तापवलेली हवा सोडण्याची युक्ती काढली, कोळशाचा खर्च उतरला आणि तेव्हापासून लोहखनिजाची ओढ हळूहळू वाढत गेली.

पण चांद्याला कोळसाही होता आणि खनिजही होते. मग अडले कोठे? अडले ते कोळशाच्या जातीपाशी. झोतभट्टीत कोळशाला तीन कामे एकदम करावी लागतात. त्याने उष्णता द्यायची, खनिजातला ऑक्सिजन काढून घ्यायचा आणि वरून पडणाऱ्या शेकडो टन खनिजाचा भार पेलत आपल्या फटींतून वायू वर जाऊ द्यायचा. हे तिसरे काम कच्च्या कोळशाला जमत नाही, त्याचा आधी कोक करावा लागतो. आजच्या झारखंडमधील झरियाचा कोळसा हवाबंद भट्टीत तापवला की तो मऊ पडतो, फुगतो आणि थंड झाल्यावर त्याचा करडा, सच्छिद्र आणि कठीण ढेपा बनतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा तसाच तापवला तर तो एकजीव होत नाही, त्याचा भुगा उरतो; आणि भुग्याने भट्टीचा श्वास कोंडतो. जमशेटजींनी नमुने जर्मनीत तपासून घेतले, तेव्हा वरोऱ्याचा कोळसा या कामाला निरुपयोगी ठरला. पुढे वेल्ड या अमेरिकी तज्ज्ञाने पुन्हा पाहणी केली, तेव्हा खनिजाचे साठेही विखुरलेले आढळले.

१९०४ साली भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी पत्र लिहून मयूरभंज संस्थानातील (आजच्या ओडिशातील) गोरुमहिसाणीच्या खनिजाकडे लक्ष वेधले, आणि जमशेटजींच्या निधनानंतर त्यांचे पुत्र दोराबजींनी काम पुढे नेले. साकचीला सुवर्णरेखा आणि खरकाई यांचा संगम, जवळ कालीमाटीचे स्टेशन, एका बाजूला मयूरभंजचे खनिज आणि दुसऱ्या बाजूला झरियाचा कोळसा होता. कारखाना कोळशाच्या खाणीवर नव्हे, तर या सर्वांच्या वाहतुकीचा मेळ बसेल अशा जागी उभा राहिला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कंपनी १९०७ ची, पहिले लोखंड १९११ चे, पहिले पोलाद १९१२ चे.

चांद्याच्या वाट्याला पुढे जे उद्योग आले, तेही वजनाच्याच हिशेबाने आले. चुनखडी भाजताना कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने तिचे सुमारे ४४ टक्के वजन घटते, म्हणून सिमेंटचे कारखाने गडचांदूरला आणि आवारपूरला. आपल्या कोळशात राख फार, म्हणून वीज खाणीजवळ तयार करून तारांवाटे पाठवायची.

या हिशेबात सरकारने १९५६ पासून मोठा हस्तक्षेप केला. मालवाहतूक समानीकरणाच्या धोरणामुळे पोलाद देशभर एकाच भावाने मिळू लागले. मुंबई-पुणे पट्ट्यातील यंत्रउद्योगाला जमशेदपूरचे पोलाद जवळजवळ जमशेदपूरच्याच भावात मिळाले. कापसाला मात्र असे समानीकरण नव्हते. खाणी असलेल्या बिहारचा नैसर्गिक लाभ आपण साडेतीन दशके वापरला, हे महाराष्ट्राने मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. हे धोरण १९९० च्या दशकाच्या आरंभी संपले.

आता आपल्याच कोळशाचे पाहा. स्पंज आयर्न (न वितळवता केलेले सच्छिद्र लोखंड) बनवणाऱ्या फिरत्या भट्टीत खनिज वितळत नाही, घन अवस्थेतच त्यातला ऑक्सिजन निघतो. तिथे भार पेलणारा कोक लागत नाही, साधा कोळसा चालतो. झोतभट्टीला जो कोळसा नको होता, त्याच जातीच्या कोळशावर घुग्घुससारख्या ठिकाणी लोखंड तयार होऊ लागले, आणि गडचिरोलीतील सूरजागडच्या खनिजाला जवळच गिऱ्हाईक मिळाले. तेव्हा यापुढे कोणी जंगल, पाणी आणि रस्ते यांच्या किमतीवर खनिज बाहेर नेण्याचा प्रस्ताव आणला, तर ते कोणत्या भट्टीसाठी नेता आणि त्या भट्टीला कोणता कोळसा लागतो, हे गडचिरोलीच्या माणसाने त्याला पहिल्याच बैठकीत विचारावे.