लिनक्स कर्नलमधला चेकसमचा कोड तपासायचा कसा?

(सोलापुरात इंजिनीअरिंगच्या पोरांसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून.)

हे बघा, उन्हाळ्यात आपल्याकडं लाइट जाणं काही नवीन नाही, फाइल लिहिली जात असते आणि मशीन बंद. परत चालू केल्यावर ईएक्सटी४ ला, म्हणजे लिनक्सच्या फाइल सिस्टीमला, जर्नलमधलं (बदल आधी जिथं नोंदवतात ती वही) अर्धवट ट्रान्झॅक्शन ओळखू येतं, ते शेवटची कमिटची नोंद नसते किंवा चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळत नाही म्हणून. पण चेकसम काढणारा कोडच चुकला असेल तर?

सगळ्यात आधी डोक्यात येते ती टेस्ट म्हणजे लिहायचं, वाचायचं, जुळलं की पास. ही अजिबात नको. दोन्हीकडं एकच फंक्शन चालतंय, मग चूक पण दोन्हीकडं तीच होणार आणि टेस्ट बिनधास्त पास होणार. तीच डिस्क दुसऱ्या सीपीयूच्या मशीनला लावली की तिथं त्या सीपीयूसाठी लिहिलेला वेगळा फास्ट कोड चालतो आणि चांगला डेटा खराब म्हणून दाखवतो, म्हणजे बोंबच.

मग येतात पाठ उत्तरं. सीआरसी३२ आणि सीआरसी३२सी हे ३२ बिटांच्या चेकसमचे दोन प्रकार. १२३४५६७८९ ही अक्षरं दिली की सीआरसी३२ चं उत्तर हेक्समध्ये सीबीएफ४३९२६ आणि सीआरसी३२सी चं ई३०६९२८३, हे जगजाहीर आहे. ही टेस्ट ठेवाच, पण एवढ्यावर थांबू नका, कारण हे फक्त नऊ बाइट आहेत आणि फास्ट कोड सोळा-सोळा बाइटचे घास घेतो, त्याच्यापर्यंत हे पोचतच नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे की टेस्टमध्येच एक साधं, हळू फंक्शन लिहा. एकेक बिट घ्यायचा, उजवीकडं सरकवायचं, बाहेर पडलेला बिट एक असेल तर पॉलिनॉमिअलशी (त्या सीआरसीचा ठरलेला आकडा) एक्सॉर, बास. वाचूनच कळतं बरोबर आहे का, आणि वरच्या पाठ उत्तरांनी त्यालाच आधी तपासून घ्या. मग रँडम डेटा, रँडम लांबी, रँडम अलाइनमेंट (मेमरीत डेटा कुठल्या पत्त्यावर सुरू होतो ते), सुरुवातीची व्हॅल्यू पण रँडम, आणि फास्ट कोडचं उत्तर याच्याशी ताडून बघा. लांबी शून्य, एक, पंधरा, सोळा, सतरा मुद्दाम घ्या, शेवटच्या उरलेल्या बाइटांतच खरी गडबड असते. बफर व्हीमॅलॉकनं (कर्नलचं मेमरी देणारं फंक्शन, ते पुढं वाचायला बंदी असलेलं गार्ड पेज ठेवतं) घेऊन डेटा अगदी त्याच्या टोकाला टेकवा, म्हणजे कोडनं एक बाइट जरी पुढचा वाचला तरी गार्ड पेजवर आपटून लगेच कळतं.

नेटवर्कच्या चेकसमला मात्र नुसतं रँडम पुरत नाही. तिथं १६ बिटांची बेरीज असते, वरचा हातचा परत खाली मिळवायचा असतो, म्हणून सगळे बाइट २५५ अशी केस हातानं घाला, आणि हातचा कधीच येत नाही अशी पण.

हे सगळं केयुनिटमध्ये, म्हणजे कर्नलच्या टेस्ट लिहायच्या चौकटीत बसतं, ते २०२० पासून, म्हणजे लिनक्स ५.५ पासून कर्नलमध्येच आहे. पण काही सांगितलं नाही तर केयुनिट यूएमएलवर (साध्या प्रोग्रॅमसारखं चालणारं लिनक्स) चालतं आणि तिथं एक्स८६ चा फास्ट कोड नसतो, साधा कोडच तपासला जातो आणि आपल्याला वाटतं झालं. म्हणून क्यूईएमयूवर (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) एक्स८६ आणि आर्म चालवा, आयबीएमच्या मेनफ्रेमचं एस३९० पण, कारण ते बिग एंडियन आहे, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवतं. आणि रँडमचा सीड (सुरुवातीचा आकडा) फिक्स ठेवा, फेल झालं की लांबी आणि अलाइनमेंट छापा, नाहीतर तीच चूक परत सापडता सापडत नाही.