पाऊस पडतो, म्हणजे कोण काय करतं?

श्रोतेहो, नमस्कार.

बाहेर पाऊस पडत असेल, तर जरा कान द्या. 'पाऊस पडतो' असं आपण अगदी सहज म्हणतो. जणू पाऊस नावाचा कुणी आहे आणि पडणं हे त्याचं काम आहे. मनात आलं तर आज तो सुट्टीही घेईल. पण न पडणारा पाऊस पाहिलाय कुणी?

जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिख नीत्शे यानं १८८७ साली हेच विजेबद्दल लिहिलं. लोक वीज एकीकडे ठेवतात, तिचं चमकणं दुसरीकडे, आणि मग चमकणं ही विजेची करणी ठरवतात. वाटतं, काय हा व्याकरणाचा कीस! पण त्याचा रोख वेगळा होता. युरोपची दोन मोठी दैवतं, बुद्धी आणि नीती, करणारा आणि करणी यांच्यातल्या याच फटीतून आत शिरली असा त्याला संशय होता.

आधी बुद्धी. १६३७ साली फ्रान्सच्या देकार्तनं सगळ्यावर शंका घेऊन पाहिली आणि शेवटी हाती एवढंच उरलं: मी विचार करतो, म्हणून मी आहे. आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा पायाच म्हणा ना. नीत्शे विचारतो, 'करतो' कशावरून? विचार त्याला हवा तेव्हा येतो, मला हवा तेव्हा नाही.

मराठी माणसाला हे फार समजावून सांगावं लागू नये. आपण म्हणतो, मला सुचलं, मला आठवलं, मला पटलं, मला राग आला. जर्मनमध्येही अशी वाक्यं आहेत, पण आपल्याकडे ती पावलोपावली. परवा एका जुन्या शेजाऱ्यांचं नाव काही केल्या आठवेना. संध्याकाळभर डोकं खाजवलं. रात्री दोनला पाणी प्यायला उठलो, तांब्या तोंडाला लावला आणि नाव हजर! यात मी काय केलं? तहान, तीसुद्धा मला 'लागली' होती.

आता नीती. इथे नीत्शे कोकरांची आणि शिकारी पक्ष्यांची गोष्ट सांगतो. कोकरं आपापसांत ठरवतात, हे पक्षी दुष्ट. जो त्यांच्यासारखा नाही तो सज्जन. पक्षी म्हणतात, आमचा काही राग नाही बुवा कोकरांवर, कोवळ्या कोकराइतकं चविष्ट दुसरं काही नसतं. म्हणजे पुन्हा तीच वीज. पक्षी वेगळा, झडप वेगळी. झडप न घालणं त्याच्या हातात होतं, तरी घातली, म्हणून तो पापी. आणि कोकरू? त्याला झडप घालताच येत नाही, पण ते म्हणतं, मी घालत नाही. सूड घेण्याची ताकद नाही, याला नाव क्षमा. भेदरलेपणाला नाव नम्रता. ख्रिस्ती नीतीचा उगम त्याला असा दुबळ्यांच्या कुढण्यात दिसला.

हे वाचून मी चपापलो होतो. साहेबांपुढे तोंड उघडता येत नाही, याला मीही वर्षानुवर्षं 'संयम' म्हणत आलोय.

नीत्शेचं मोठेपण मला त्याच्या उत्तरांपेक्षा प्रश्नात वाटतं. प्रत्येक मूल्याला त्यानं उंबऱ्यावरच अडवून विचारलं, तू कुठून आलास, तुझा फायदा कुणाला झाला? उगम खोटा निघाला म्हणून मूल्य खोटं ठरत नाही, हेही तो जाणून होता. तसं त्यानं लिहिलंयही. आपल्या टीकाकारांपैकी किती जणांकडे एवढा प्रामाणिकपणा असतो?

पण एका दारात त्याचा प्रश्न त्याच्याच तोंडून फुटला नाही, आणि ते दार आपलं आहे. १८८८ च्या मे महिन्यात, इटलीत तुरिनला असताना, त्याच्या हाती मनुस्मृतीचं एक फ्रेंच भाषांतर आलं. भाषांतरकार लुई जाकोलियो. संस्कृत पाठाशी ते नीट जुळत नाही. त्याच वर्षी लिहिलेल्या पुस्तकात नीत्शेनं त्यातले चांडाळांसाठीचे नियम उतरवून घेतले. त्यांनी नदीचं, झऱ्याचं, तळ्याचं पाणी घ्यायचं नाही. घ्यायचं ते दलदलीच्या तोंडाशी साचलेलं आणि जनावरांच्या खुरांच्या खळग्यांतलं. हे आपल्या मनाला अतिशय विरोधी वाटतं, असं तो म्हणतो खरा. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या पुस्तकात बायबलपेक्षा मनू कितीतरी उमदा, असं प्रशस्तिपत्रही देतो. बायबल उसवून पाहणारा हा माणूस मनूला विचारत नाही की बाबा रे, हा नियम कुणी कुणासाठी केला?

तो प्रश्न पुढे महाडला विचारला गेला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचं दहन झालं. पुढे बाबासाहेबांनी नीत्शे आणि मनू शेजारी ठेवून तपासले, आणि दोघांत मनूचं तत्त्वज्ञान अधिक किळसवाणं ठरवलं.

नीत्शेच्या गोष्टीतली कोकरं नुसती कुढतात. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून पाण्याला ओंजळ लावणारी माणसं त्या गोष्टीत कुठेच बसत नाहीत.

नमस्कार.