खुर्चीतून उठताना

[दृश्य: खुर्ची. जमिनीवर टेकलेली पावलं.]

हात छातीवर, घडी घातलेले. पाठ ताठ. आता या बाई हातांचा आधार न घेता उठतील, पूर्ण उभ्या राहतील, पुन्हा बसतील. ३० सेकंदांत हे किती वेळा जमतं, एवढंच मोजायचं आहे.

पहिली चार वेळा सहज. सातव्या वेळी गुडघ्यांकडे बघा. ते आत वळताहेत. धड पुढे झुकतंय, छातीवरचा हात सुटून मांडीकडे जाऊ पाहतोय. श्वास मात्र शांत आहे. म्हणजे यांना दम आहे. त्या रोज चालतात, तो दम त्यांनी कमावलाय. कमी पडताहेत त्या मांड्या.

नऊ. वेळ संपली.

त्यांचं वय ६२. या वयोगटातल्या स्त्रियांसाठी १२ पेक्षा कमी आकडा सरासरीच्या खालचा धरतात.

[दृश्य: ट्रेडमिल. तोंडावर मास्क, छातीवर पट्टा.]

फिटनेस म्हटलं की आपण एकच गोष्ट धरून बसतो. कुणी वजन, कुणी पावलांचा आकडा. १९८५ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी याची नीट फोड करून मांडली. आरोग्याशी थेट जोडलेले घटक पाच: दमसास, स्नायूंची ताकद, स्नायूंची चिकाटी, लवचिकता, आणि शरीरात चरबी किती व बाकीचं किती याचं प्रमाण. वेग, चपळाई, तोल वगैरे कौशल्याचे घटक वेगळे.

हा मास्क दमसास मोजतोय. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते. निवांत बसलेलं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. जोरात धावताना तेच हृदय २० लिटरच्या घरात जातं.

१९६६ मध्ये डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्णवेळ अंथरुणावर झोपवून ठेवलं. उठल्यावर याच चाचणीत त्यांचा दम जवळजवळ पाव हिश्श्याने उतरलेला होता. नंतर सराव करून तो त्यांनी परत मिळवला. ३० वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत पुन्हा तपासले गेले. त्या तीन आठवड्यांनंतर दम जितका खाली गेला होता, तितका खाली आता एकाचाही नव्हता. तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जे हिरावलं, ते ३० वर्षांच्या वयानेही हिरावलं नव्हतं.

[दृश्य: वाकून पावलांकडे जाणारी बोटं. मग वजनकाटा.]

लवचिकता हवीच, पण सांध्याला जितकी फिरत गरजेची तितकी. आणि या काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. दोन माणसांचं वजन सारखं असलं, तरी शरीरं अगदी वेगळी असू शकतात.

[दृश्य: पकड मोजण्याचं यंत्र. जवळून बोटं.]

इथे जरा थांबू या. बोटांची पेरं पांढरी पडताहेत, मनगटाची शीर तटतटून आलीय. काटा चढतो, थरथरतो, थांबतो. ही ताकद: एका दमात, पूर्ण जोर लावून. अर्ध्या जोराने हीच पकड दोन मिनिटं धरून ठेवायला सांगितली तर ती चिकाटी.

२०१५ साली १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या पकडीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पकड जितकी कमजोर, तितका मृत्यूचा धोका जास्त. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही पकडीवरून हा अंदाज चांगला बांधता येत होता. पण म्हणून पकड वाढवायला चेंडू दाबत बसायचं नाही. पकड फक्त बातमी देते. खरी गोष्ट सगळ्या अंगाच्या स्नायूंची आहे.

[दृश्य: एका पायावर उभं राहणं. घोट्याचा क्लोजअप.]

घोट्याभोवतीचे हे स्नायुबंध बघा, सतत फडफडताहेत. डोळे, आतला कान आणि तळपाय मेंदूला खबर देतात आणि घोटा क्षणोक्षणी सावरतो. आता डोळे मिटले. एक खबर बंद झाली. फडफड दुप्पट.

पाय कमजोर आणि तोल कच्चा झाला की माणूस पडतो, हाड मोडतं, अंथरूण धरतो.

[दृश्य: पाठीवर वजनाची पिशवी. पायरी चढणं, उतरणं.]

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. हे पहिलं वाक्य बहुतेकांना पाठ आहे. त्याच शिफारशीतलं दुसरं वाक्य कुणी फारसं ऐकवत नाही: आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. ते ऐकवण्यासाठीच हा कॅमेरा इतका वेळ मांड्यांवर रोखलाय.

स्नायूला सवयीपेक्षा थोडा जास्त भार लागतो. पहिले काही आठवडे तो दिसायला वाढत नाही, तरी ताकद वाढते, कारण आधी शिकतात नसा: स्नायूचे जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला. मग स्नायू भरतो. मध्ये विश्रांतीचा दिवस हवा. सरावलेला भार हलका वाटू लागला की थोडा वाढवायचा.

[दृश्य: तीच खुर्ची. १२ आठवड्यांनंतर.]

हात छातीवर. गुडघे सरळ.

अकरा. बारा. तेरा.

[घड्याळ थांबतं. त्या उभ्याच आहेत. निवेदन नाही.]